दाताचं सुतक

गव्हाणच्या ठमाबाईचा वरचा पुढचा दात शिमग्याच्या आधी ठणकायला लागला आणि गावाची झोप उडाली. दुखत होता तो तिचा एकटीचा, पण त्याची हालहवाल ती सगळ्यांना सांगत होती. बाई मुळातच गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. दात बरा होता तेव्हा ती लोकांची उणीदुणी काढायची, आता दाताची काढायला लागली. विहिरीवर दात, मिठागराच्या बांधावर दात, देवळाच्या पायरीवर दात. शेजारची भामा तर तिला दुरून येताना पाहून घागर तशीच टाकून पळायला लागली होती.

आता कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या दाताचं एवढं काय कौतुक? पण हे तोंड साधंसुधं नव्हतं. ठमाबाई धवलारीण होती, लग्नात धवळे गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी एखादवेळ उशिरा आला तरी खपतं, धवलारीण नसली तर मांडवाला अर्थ नाही. हळद दळायची ती तिच्या गाण्यावर, मांडवाचा खांब रोवायचा तो तिच्या गाण्यावर, आणि देवांना नावानिशी हाका मारून मांडवात बोलवायचं तेही तिनेच. गव्हाणपासून पार मोऱ्याच्या बंदरापर्यंत जेवढे संसार थाटले गेले होते, त्यांतले निम्मे ठमाबाईच्या गळ्यावर उभे होते. उरलेल्या निम्म्यांच्या लग्नात कुठे काय चुकलं होतं, तेही तिला तोंडपाठ होतं.

दात काढून टाक, असं सगळ्यांनी सांगून झालं. पनवेलच्या बाजारात गोणपाट अंथरून एक चिमटेवाला बसायचा. त्याच्यासमोर लोकांच्या दातांचा ढीग असायचा, आणि गावातल्या बुधाजीची दाढ त्याने कशी बोलता बोलता उपटली हे बुधाजी गाल फाकवून दाखवायचा. ठमाबाईने लवंग दाबून धरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, मशेरी दुप्पट लावली, पण चिमट्याचं नाव काढू दिलं नाही. त्याला कारण होतं. तिची गुरू गंगाबाई. काय गळा होता त्या बाईचा! पुढचे दात गेले आणि एका लग्नात धवळ्यातल्या ‘सोन्याच्या समया’ म्हणताना ‘स’च्या जागी तोंडातून नुसता वारा निघाला. मांडवातली पोरं फिदीफिदी हसली. पोरांचं एक असू द्या, पण नवरीही हसली. गंगाबाईने तोंडाला पदर लावला तो मरेपर्यंत काढला नाही, आणि त्या दिवशी उरलेला धवळा मागे उभ्या असलेल्या ठमाबाईने पुरा केला. तो पदर ती विसरली नव्हती.

शिवाय वैशाखात शकूचं लग्न होतं. शकू म्हणजे मालूची लेक, आणि मालू म्हणजे ठमाबाईची जन्माची जोडीदारीण. ठमाबाईने ओळ टाकायची आणि मालूने मागून ती झेलायची, असं त्या दोघींनी सगळी उमर गायलं होतं. मालू पावसाळ्यात तापाने गेली. जाताना तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, देवाला काही मागितलं नाही. ठमाबाईचा हात धरून म्हणाली, "माज्या शकूच्या लग्नात तूच गा. दुसरी कोन नको." ठमाबाईने शब्द दिला होता.

त्या लग्नाचा विचार तिला दातापेक्षाही जास्त ठणकायचा. धवळ्यात एक ओळ येते, तिथे नवरीच्या आईला नाव घेऊन मांडवात बोलवतात. आई नसली तर ती ओळ गाळायची आणि मावशी-आत्यावरून पुढे जायचं, कारण गेलेल्याचं नाव मंगल तोंडातून काढायचं नाही. हा गंगाबाईचा नियम, आणि ठमाबाई तो काटेकोर पाळायची. म्हणजे मालूच्या लेकीच्या मांडवात मालूलाच गाळून पुढे जायचं होतं. ते कसंही करून पार पाडू, असं ती मनाला समजावत होती. पण त्याला दात हवा.

तिचा मुलगा कमळाकर पनवेलला भाताच्या गिरणीत होता. आईच्या कण्हण्याला तो एवढा कंटाळला होता, की कुणीतरी पनवेलमधल्या दातांच्या नव्या डॉक्टरचं नाव घेतल्याबरोबर त्याने दुसऱ्याच दिवशी रजा काढली आणि आईला उरणहून पनवेलला जाणाऱ्या एस.टी.त घातलं.

हे डॉक्टर अच्युत टिपणीस. मुंबईला दातांचं शिक्षण घेऊन आलेला, बाजारपेठेत एका माडीवर दवाखाना टाकलेला, काटकुळा, चष्मेवाला तरुण. बिचाऱ्याचं दुःख वेगळंच होतं. दात वाचवायचे कसे हे तो शिकून आला होता, आणि पनवेल त्याच्याकडे दात उपटायला येत होतं. जिना चढून आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधीच बोट तोंडात घालून सांगायचा, हा काढा. चिमटेवाल्याचंच काम, फक्त माडीवरचं. अशात एक लुगडं नेसलेली बाई आली आणि म्हणाली, "काढायचा नाय. ठेवायचाय." डॉक्टरने तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. नीट ऐकू आलं होतं, पण ऐकून बरं वाटत होतं.

मग तो उत्साहाने समजावायला लागला. दाताच्या आत नस असते, ती सडली म्हणून ठणका. ती काढायची, मुळापर्यंतची नळी साफ करायची आणि भरून टाकायची. याला रूट कॅनाल म्हणतात, दोन-तीन खेपा पडतील. ठमाबाईने मान हलवली. विहिरीचा गाळ काढतात तसं, असं ती म्हणाली. ही उपमा डॉक्टरला इतकी आवडली की पुढे तो सगळ्या पेशंटना तीच सांगायचा, आणि स्वतःचीच म्हणून सांगायचा.

तोंड उघडायला सांगण्याआधी त्याने एक चूक केली. आणखी काही त्रास आहे का, असं विचारलं. त्यावर ठमाबाईने त्याला गंगाबाई, गंगाबाईचा पदर, मालू, मालूचा ताप, शकू आणि शकूचं ठरलेलं लग्न असं सगळं सांगितलं. बाहेर बाकावर दोन माणसं खोळंबली होती, त्यांनीही ऐकलं. मग एकदाचं तोंड उघडलं, त्यात कापूस गेला, आणि ठमाबाई गप्प झाली. कमळाकर पुढे कितीतरी दिवस सांगत होता, की तेवढ्यासाठी का होईना, डॉक्टर देवमाणूस.

दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं होतं, शिंप्याच्या मशीनसारखं. डॉक्टरचे हात चांगले होते, पण पाय बेताल. मध्येच जोर यायचा, मध्येच चाक अडखळायचं, आणि अडखळलं की सुई दातात रुतायची. ठमाबाईने जन्मभर ताल सांभाळलेला. तिला दुखण्यापेक्षा ते बेताल चाकच सहन होईना. तिने खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. जरा वेळाने डॉक्टरचा पाय आपसूक त्या ठेक्यावर पडायला लागला आणि काम सुरळीत चाललं. शेवटी त्याने आत औषध भरून वर कापसाचं बूच बसवलं आणि मशेरी बंद करायला सांगितलं. ठमाबाईने उघड्या तोंडाने हूं केलं. उघड्या तोंडाने दुसरं काही म्हणताच येत नव्हतं, सबब ते धरायचं नाही, असं ती घरी येऊन म्हणाली आणि मशेरी लावली.

नस मारायचं ते औषध म्हणजे उंदरांना घालतात तो सोमल असतो, हे काही डॉक्टरने सांगितलं नाही. बरं केलं.

पुढच्या खेपेला ठणका पार गेलेला होता. डॉक्टरने बारीक काटेरी तार दातात घातली, हलकेच फिरवली आणि ओढली. तारेला गुंडाळलेला मांसाचा एक तंतू बाहेर आला, सुईदोऱ्यातल्या दोऱ्याएवढा, टोकापासून शेवटापर्यंत अख्खा. डॉक्टरचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. परीक्षेत त्याने ओढलेली नस मध्येच तुटली होती, आणि तेव्हापासून एकही अख्खी अशी निघाली नव्हती. त्याने ती कापसावर ठेवून ठमाबाईला दाखवली.

"ही पाहा. हीच छळत होती तुम्हाला. आता दात मेला, आता जन्मात दुखायचा नाही."

त्याच्या मते ही आनंदाची बातमी होती. ठमाबाईने त्या तंतूकडे पाहिलं. काल-परवापर्यंत जिवंत होता तो. तिच्या अंगातला होता, तिच्याबरोबर वाढला होता, आणि आता कापसावर मरून पडला होता. तिने चूळ भरली, पदर सावरला आणि एक शब्दही न बोलता जिना उतरली. परतीच्या एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत बसली. कमळाकरला काळजी वाटायला लागली, कारण आता तोंडात कापूस नव्हता.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं, ते कळायला मागच्या सालची एक गोष्ट सांगायला हवी. गावात चंद्रावती नावाची दुसरी धवलारीण होती. वयाने लहान, आवाज धारदार, आणि ठमाबाईच्या मते मांजराचा. एका लग्नात चंद्रावती गायला उभी राहिली. नवंकोरं लुगडं, नाकात नथ. तेवढ्यात ठमाबाईने भर मांडवात विचारलं, की बाय, मोऱ्याला तुझ्या चुलतसासऱ्यांपैकी कोण गेलं ना गं परवा? तुला सुतक. तो चुलतसासरा चंद्रावतीने उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण नियम म्हणजे नियम. ती त्या नव्या लुगड्यानिशी उठली आणि माणसांतून वाट काढत घरी गेली. पुढचा धवळा ठमाबाईने गायला, आणि खरं सांगायचं तर फार सुरेख गायला.

म्हणून ती एस.टी.त गप्प होती. न पाहिलेल्या चुलतसासऱ्याचं सुतक लागतं, तर स्वतःच्या तोंडातल्या दाताचं नाही लागत?

गुपित पोटात ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. संध्याकाळी तिने ते भामाला सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून बजावून. सकाळी चंद्रावती दारात हजर. आली ती पदर डोक्यावरून घेऊन, मयताच्या घरी येतात तशी, आणि जोत्यावर न बसता खाली जमिनीवर बसली. मग हळूच विचारलं, कधी गेला? शेवटी फार हाल झाले का? ठमाबाईला राग येत होता, पण दुखवट्याला आलेल्या माणसावर ओरडायचं कसं?

मग चंद्रावतीने मुद्द्याला हात घातला. तिचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. पण ठमाबाय एवढी नियमाची, तिने विचार करायला हवा. माणूस गेलं की घरातून नेतात, दिवस करतात, सुतक फिटतं. इथे गेलेला अजून घरातच आहे. मंगल गाणं त्याच्यावरूनच बाहेर यायचं. "आदी परेत तर हालवायला पायजे ना, बाय?" असं म्हणून तिने डोळे टिपले. डोळ्यांत पाणी नव्हतं.

झालं. एवढं बोलून ती गेली आणि ठमाबाई जोत्यावर बसून राहिली. चंद्रावतीचं म्हणणं चोख होतं, हाच तर खरा वैताग. तिच्या जागी ठमाबाई असती तर अगदी हेच म्हणाली असती, जरा मोठ्या आवाजात. दात ठेवला तर सुतक, गाता येणार नाही. दात काढला तर सुतक फिटेल, पण तोंडातून वारा निघेल, आणि शकू आपल्या लग्नात हसेल. शकू हसली नाही तरी रडेल. दोन्हीकडून मालूला दिलेला शब्द बुडत होता.

दुपारी शकूचा बाप तुळशीराम आला. मिठागरावरचा साधा माणूस, बायको गेल्यापासून आणखीच कमी बोलणारा. त्याने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. त्याच्या मनात काही नाही म्हणाला, पण नवऱ्याकडची मोऱ्याची माणसं रीतभात फार बघतात. चंद्रावतीला नुसतं सांगून ठेवू का? ठमाबाईने त्याला थांबायला सांगितलं. लग्नाला थोडेच दिवस उरले होते. तो गेल्यावर तिने पुन्हा एकदा दाताला जीभ लावून पाहिली. काहीच कळत नव्हतं त्याला. तो बिचारा शांत होता, आणि तिला मात्र रडू आलं.

तिसऱ्या खेपेला ती एकटीच गेली. डॉक्टरने दात कायमचा भरायची सगळी तयारी ठेवली होती. रबरासारख्या बारीक काड्या ओळीने मांडल्या होत्या, लवंगतेलाचा वास सुटला होता. ठमाबाई खुर्चीत बसली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मग नुसते ओठ हलवून म्हणाली, "जिवंत करा, नायतर काढा."

डॉक्टर आधी हसला. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसं त्याचं हसू विरलं. तिने सगळं सांगितलं. सुतक, चंद्रावती, मोऱ्याची माणसं. डॉक्टरने तिला शास्त्र समजावून पाहिलं. शास्त्र तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तोंड मिटून बसली. मग त्याने युक्ती केली. केस मेलेले असतात, नखं मेलेली असतात, त्यांचं कुठे सुतक असतं? ठमाबाई म्हणाली, नखं कापताना कधी ठणकली नाहीत, ती मुळात जिवंतच कधी होती? डॉक्टरने चष्मा पुसला. या प्रश्नाची तयारी त्याच्याकडून मुंबईला कुणी करून घेतली नव्हती.

शेवटी त्याने हातात चिमटा घेतला. पनवेलमध्ये वाचवलेला त्याचा हा पहिला दात, आणि तोही उपटायचा. चिमटा तोंडाजवळ नेला, ठमाबाईने डोळे मिटले, आणि त्याच्याने होईना. त्याने चिमटा ताटलीत टाकला. खण्ण असा आवाज झाला.

"मावशी, मालूबाई गेल्या तेव्हा त्यांचं घर पाडलंत का तुम्ही?"

ठमाबाईने डोळे उघडले. "घर कशाला पाडू?"

"मग? मेली ती नस. दात म्हणजे तिचं घर. आत राहणारी गेली, मी तिला बाहेर काढली, घर झाडून धुऊन घेतलं. आता नुसतं सारवायचं राहिलंय, आणि तुम्ही मला घर पाडायला सांगताय."

ठमाबाईच्या डोळ्यांपुढे मालूचं घर आलं. तेच जोतं, तोच तुळशीचा ओटा, आणि त्याच अंगणात आता मांडव पडणार होता. मालू गेली म्हणून कुणी ते घर अशुभ मानलं नव्हतं. तेराव्यानंतर सारवून घेतलं, आणि शकू तिथेच भात शिजवत होती. तिला एकदम मोकळं वाटलं. पण हिशेब अर्धवट सोडणारी ती बाई नव्हे.

"मंग ती कुठं हाय?"

"कोण?"

"गेलेली."

डॉक्टरचे कान लाल झाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग उठून काचेचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर, मधोमध, एका छोट्या बाटलीत स्पिरिट होतं आणि स्पिरिटात तो तंतू तरंगत होता. बाटलीला छान चिठ्ठी चिकटवलेली होती. अख्खी निघाली होती हो, असं तो पुटपुटला.

आता ठमाबाईची पाळी होती, आणि ती तिने दवडली नाही. परेत कपाटात सजवून ठेवतो आणि वर मला घर सारवायला सांगतो, अरे तुला आईबाप आहेत की नाही, असं तिने सुरू केलं, ते बाकावरच्या पेशंटनी खालच्या दुकानदारापर्यंत पोचवलं. डॉक्टरने नमुना, अभ्यास असे दोन-तीन शब्द मध्ये घालून पाहिले. काही उपयोग झाला नाही. नस त्याने काढली होती, तेव्हा पुढचं करणंही त्याच्याकडेच आलं, असा निकाल लागला.

भर दुपारी पनवेलच्या खाडीवर लोकांनी पाहिलं, की टिपणीस डॉक्टर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे आहेत आणि काठावरून एक बाई त्यांना आणखी पुढे जायला सांगते आहे. ठमाबाईने पळसाच्या पानाचा द्रोण करून आणला होता. डॉक्टरने तंतू द्रोणात ठेवला, द्रोण ओहोटीच्या पाण्यावर सोडला. पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना. मग तो म्हणाला, चांगली होती हो, आणि हात जोडले. हे मात्र ठमाबाईला पटलं. तिने पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला, आणि दोघं दवाखान्यात परत आली. डॉक्टरने पाय धुतले, हात दोनदा धुतले, आणि दात सारवून टाकला. या दाताने चावायचं नाही, ऊस तर नाहीच नाही, असं तो बजावत होता, आणि ती उघड्या तोंडाने हूं हूं करत होती.

गावात चंद्रावतीने लगेच बोटं मोडून दिवस मोजले. विसर्जन झालं ते झालं, पण सुतकाचे दहा दिवस धरले तर शकूचं लग्न त्यांत येत होतं. देवळासमोर चार माणसं जमली तेव्हा तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं. ठमाबाई याची वाटच बघत होती. तिने विचारलं, दात न आलेलं लेकरू गेलं तर सुतक किती? सगळ्यांना ठाऊक होतं. काहीच नाही, आंघोळ केली की फिटलं. "मंग ही बया जन्मभर माज्या दातात राहिली," ठमाबाई म्हणाली, "पन तिला सोताचा दात कवा आला?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बुधाजी आपली निघालेली दाढ जिथे होती तिथे जिभेने चाचपत म्हणाला, की बरोबर आहे. तुळशीरामने तर पहिल्यांदाच मान वर केली. चंद्रावती उठली आणि माणसांतून वाट काढत चालू लागली, आणि तिला तसं पाठमोरं जाताना पाहून ठमाबाईला एकाएकी ते नवंकोरं लुगडं आठवलं. जिंकल्याचा आनंद जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. तिने हाक मारून तिला थांबवलं आणि जरा रागातच सांगितलं, की शकूच्या लग्नात मागून ओळ झेलायला कुणीतरी लागेल, मालूच्या जागी. आवाज मांजराचा असला तरी चालेल. चंद्रावतीने नाक मुरडलं आणि किती वाजता यायचं ते विचारलं.

वैशाखात तुळशीरामच्या अंगणात मांडव पडला. डॉक्टर आमंत्रणावरून आला होता. त्याला जिताडा माशाच्या कालवणाचं पान वाढून कडेला बसवलं होतं, पण त्याचा एक डोळा सारखा ठमाबाईच्या तोंडाकडे होता. ठमाबाई खांबाजवळ उभी राहिली, मागे चंद्रावती. धवळा सुरू झाला. तिचा ‘स’ अगदी स्वच्छ पडत होता. सोन्याच्या समया आल्या, लखलखत गेल्या, कुणी हसलं नाही. डॉक्टर निर्धास्तपणे कालवणाकडे वळला.

गाण्यातून देव मांडवात आले. घरची थोर माणसं आली. मग ती ओळ आली, आईला बोलवायची. शकूने मान आणखी खाली घातली. गावातल्या बायकांना माहीत होतं, आता ठमाबाई इथून उडी मारून आत्यावर जाणार. ठमाबाईने श्वास घेतला. उडी मारायचं तिने ठरवलेलंच होतं. समोर मालूचं घर होतं, नव्याने सारवलेलं, दारात आंब्याची पानं बांधलेली, आणि घर आहे तोवर घरवालीला हाक का मारायची नाही, हे त्या क्षणी तिला काही केल्या कळेना.

"सोन्याचे पावली ये गो, ये मालू माये," ती गायली. मालू म्हणताना जीभ त्याच दाताच्या मागे टेकली, आणि नाव घंटेसारखं खणखणीत बाहेर पडलं.

मागून ओळ झेलली जायला हवी होती, ती झेलली गेली नाही. नियम मोडला होता. भर मांडवात तो बोलून दाखवायची चंद्रावतीला आता मुभा होती, आणि मागच्या सालची सगळी फेड एका वाक्यात झाली असती. ठमाबाईने मागे वळून पाहिलं नाही. ती फक्त थांबली, मालूसाठी थांबायची तेवढीच. मग मागून तो धारदार आवाज आला, जरा कापत, पण सुरात. ये मालू माये. शकूने मान वर केली. तिच्या मुंडावळ्या भिजल्या होत्या, आणि ती मांडवाच्या दाराकडे अशी बघत होती की बाकीच्यांनीही वळून तिकडे पाहिलं.

लग्न लागल्यावर मोऱ्याची माणसं मुद्दाम ठमाबाईकडे आली. गेलेल्या आईलाही हाक मारायची ही गव्हाणची रीत आपल्याला फार आवडली, असं त्यांतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. ठमाबाईच्या तोंडात उसाचं कांडं होतं, आणि ते ती पुढच्याच दाताने सोलत होती. ही आमची जुनी रीत, गंगाबाईपासूनची, असं तिने बेधडक सांगून टाकलं. चंद्रावती शेजारीच उभी होती, आणि तिने होकाराची मान हलवली.